उष्णतेची नजर आणि देशाची सीमा

अंधारात पाहता यावे ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. घुबडाला आणि मांजराला निसर्गाने जी देणगी दिली, ती आपल्याला दिली नाही. म्हणून मनुष्याने मशाल पेटविली, कंदील लावला आणि पुढे विजेची बत्ती हाती घेतली. परंतु या सर्व साधनांत एक दोष आहे. बत्ती ज्याच्या हाती असते तो स्वतःही दिसतो. प्रकाशाचा झोत अंगावर पडताच रानातील श्वापद सावध होते आणि झाडीत नाहीसे होते. आता मात्र प्रकाशाची मुळीच अपेक्षा न ठेवता, अमावास्येच्या रात्रीही, प्राण्याच्या अंगच्या उष्णतेवरूनच त्याचे चित्र दाखविणारे यंत्र निघाले आहे आणि ते ओंजळीत मावेल एवढे लहान झाले आहे. त्याला थर्मल कॅमेरा, म्हणजे उष्णताचित्रक, असे म्हणतात.

हे यंत्र घेऊन शिकारीसाठी परदेशी निघालेल्या एका प्रवाशाची हकिगत येथे सांगावयाची आहे. प्रवासी कल्पित आहे, पण त्याच्यापुढे उभे राहणारे प्रश्न खरे आहेत. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेखातर शिकार करण्यास बंदी आहे. तेव्हा परक्या देशातील शिकाऱ्याच्या अडचणींशी आपला संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो लेखाच्या अखेरीस ध्यानात येईल.

प्रवासी आणि त्याचे सामान

अमेरिकेतील टेक्सस राज्यात मोकाट रानडुकरांचा उपद्रव मोठा आहे. ही जनावरे एका रात्रीत उभे पीक नांगरल्यासारखे उकरून टाकतात. हे दुःख आपल्याकडील शेतकऱ्यांनाही चांगले ठाऊक आहे. त्या राज्याने २०१९ मध्ये असा कायदा केला की, खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकरे मारण्यास शिकारीचा परवाना काढण्याची गरज नाही. रानडुकरे बहुधा रात्री चरावयास निघतात. त्यामुळे तेथील शिकाऱ्यांमध्ये थर्मल दुर्बिणीचा प्रसार झाला. ती दुकानात मिळते आणि मासे पकडण्याच्या गळाप्रमाणे उघडपणे विकत घेता येते.

समजा, असा एक शिकारी जर्मनीतील मित्राच्या निमंत्रणावरून ब्रांडेनबुर्ग राज्यात रानडुकरांच्या शिकारीस निघाला आहे. त्याच्या सामानात बंदूक आहे, बंदुकीवर बसविण्याची थर्मल दुर्बीण आहे आणि हातात धरून नुसते पाहण्याची दुसरी थर्मल दुर्बीणही आहे. दोन्ही दुर्बिणींच्या पोटात एकाच जातीचा संवेदक आहे. तरीही विमानतळावर पाऊल ठेवताच या दोन वस्तूंची गणना दोन निरनिराळ्या कायद्यांत होते. असे का व्हावे हे समजण्यासाठी प्रथम हे यंत्र पाहते कसे, ते पाहिले पाहिजे.

न दिसणारा प्रकाश

१८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाश पाडून त्याचे सात रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत अधिक चढला. डोळ्यांना अगोचर अशा या किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो.

पुढे असे दिसून आले की, असे किरण केवळ सूर्यापासूनच निघतात असे नव्हे. जगातील प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार किरण बाहेर टाकीत असतो. पदार्थ जितका उष्ण, तितकी त्याच्या किरणांची तरंगलांबी आखूड. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सियस उष्ण आहे. त्याचे किरण सुमारे अर्धा मायक्रॉन लांबीच्या आसपास सर्वांत प्रखर असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याच्या किंवा जनावराच्या कातडीचे तापमान ३० अंशांच्या घरात असते. तिच्या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रॉनच्या जवळपास असतो. हवेतील पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वायू अवरक्त किरणांचा बराच भाग शोषून घेतात, परंतु सुमारे ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा पुष्कळशी पारदर्शक राहते. सजीवांच्या अंगचे किरण नेमके याच झरोक्यातून दूरवर पोहोचतात.

हे किरण टिपण्याची युक्ती अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांनी १८८० च्या सुमारास शोधली. धातूची बारीक पट्टी तापली की तिचा विद्युत्‌रोध बदलतो. तो मोजला की उष्णता कळते. या उपकरणाने पाव मैलावर उभ्या असलेल्या गाईच्या अंगची उष्णता कळत असे, अशी त्यांच्याविषयीची आख्यायिका आहे. आजच्या दुर्बिणीत हेच तत्त्व आहे. पट्टीच्या जागी व्हॅनेडियम ऑक्साइडसारख्या द्रव्याच्या, केसाच्या जाडीहूनही लहान अशा लक्षावधी चकत्या जाळीसारख्या मांडलेल्या असतात, एवढाच फरक. प्रत्येक चकती हा चित्रातील एक ठिपका होय. तापमानात अंशाच्या विसाव्या भागाइतका फरक असला तरी तो या जाळीला कळतो.

ही विद्या जन्माने सैनिकी आहे. प्रारंभीच्या अनेक थर्मल कॅमेऱ्यांचे संवेदक द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड ठेवावे लागत. थंड न करताही चालणारी जाळी अमेरिकेत संरक्षण खात्याच्या खर्चाने विकसित झाली आणि १९९२ पर्यंत ती गुप्त होती. म्हणजे आज शिकाऱ्याच्या खांद्यावरील पिशवीत असलेली वस्तू काही दशकांपूर्वी सैन्याचे गुपित होती. ही गोष्ट कायदा करणारे विसरलेले नाहीत.

दिसणे आणि ओळखणे

यंत्राचे सामर्थ्य कळले; आता त्याची मर्यादाही पाहू. साध्या काचेतून हे लांब लहरींचे किरण पार जात नाहीत. म्हणून मोटारीची काच वर करून या यंत्राने बाहेर पाहू गेल्यास रान दिसत नाही, काचच दिसते. यंत्राचे भिंगही काचेचे चालत नाही. ते जर्मेनियम या मूलद्रव्याचे करतात. १८८६ मध्ये क्लेमेन्स विंकलर यांनी हे मूलद्रव्य जर्मनीतील फ्रायबर्ग येथे शोधले आणि त्याला आपल्या मायभूमीचे नाव दिले. आपला प्रवासी निघाला आहे तो त्याच देशी!

गवत आणि झाडपाला यांतूनही हे किरण पार जात नाहीत. उंच गवतात रानडुकराची मादी उभी असेल तर तिची पाठ स्पष्ट चमकते, पण तिच्या पायाशी असलेली पिले मुळीच दिसत नाहीत. पिले मोठी होईपर्यंत त्यांना वाढविणाऱ्या आईबापांची शिकार करण्यास जर्मन कायद्याने मनाई आहे.

यापेक्षाही मोठी मर्यादा ठिपक्यांच्या संख्येची आहे. एक हिशेब करून पाहू. समजा, जाळीतील ठिपका १२ मायक्रॉनचा आहे आणि भिंगाचे नाभ्यंतर ३५ मिलिमीटर आहे. अशा दुर्बिणीत ३०० मीटरांवरील दृश्याचा सुमारे १० सेंटिमीटरांचा भाग एका ठिपक्यात मावतो. ७० सेंटिमीटर उंचीचे रानडुक्कर मग उभ्या अंगाने केवळ ७ ठिपक्यांचे होते. १,००० मीटरांवर ते २ ठिपक्यांचे उरते, तर १५० मीटरांवर सुमारे १४ ठिपक्यांचे होते.

या संख्यांचा अर्थ काय? अमेरिकन सैन्याच्या फोर्ट बेल्व्हॉर येथील प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये याची मोजदाद केली. त्यांच्या मापाप्रमाणे, वस्तूच्या लहान बाजूवर सुमारे २ ठिपके पडले तर तेथे काहीतरी आहे एवढे कळते. सुमारे ८ पडले तर ती कोणत्या जातीची वस्तू आहे हे कळते. आणि नेमकी ओळख पटण्यास सुमारे १३ ठिपके लागतात. तेही निम्म्या वेळा! उरलेल्या निम्म्या वेळा पाहणारा चुकतो.

म्हणजे जे यंत्र एक किलोमीटरवर ऊब दाखविते, ते ओळख पटविण्यास दीडशे मीटरही जेमतेम पुरे पडते. या दोन अंतरांमधील पट्टा फार धोक्याचा आहे. तेथे शिकाऱ्याला पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो, तो हलतो, त्याला जीव आहे हे कळते आणि उरलेले सर्व मन आपणच भरून काढते. ओणवा झालेला मनुष्य तेथे जनावरासारखा दिसू शकतो. अशा दुर्बिणीतून पाहून माणसाला जनावर समजल्याच्या आणि त्यात जीव गेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत. ठिपक्याला गोळी घालता येते, पण ठिपक्याची ओळख झालेली नसते, हे या यंत्राच्या प्रत्येक धन्याने मनावर कोरून ठेवले पाहिजे.

कायद्यातील आकडे

आता विमानतळाकडे वळू. आपल्या प्रवाशाची समजूत अशी की, निर्यात म्हणजे व्यापाऱ्याने जहाजात माल भरून पाठविणे. स्वतःची वस्तू स्वतःच्या पिशवीतून नेणे ही कसली निर्यात? परंतु कायद्याच्या दृष्टीने वस्तू देशाबाहेर गेली की निर्यात झाली. ती विकली नाही, परत आणली, तरीही ती तात्पुरती निर्यातच होय. ती वस्तू मुळात कोणत्या देशात बनली, यानेही तिची सुटका होत नाही.

त्याची पहिली दुर्बीण बंदुकीवर बसविण्यासाठी आणि बंदुकीचा धक्का सोसण्यासाठी खास घडविलेली आहे. तिच्यात नेम धरण्याची खूण आहे आणि एक मायक्रॉनपेक्षा लांब लहरी जाणणारी जाळी आहे. अशी दुर्बीण अमेरिकेच्या युद्धसाहित्याच्या यादीत बाराव्या वर्गात मोडते. तिच्यासाठी परराष्ट्र खात्याकडून तात्पुरत्या निर्यातीचा परवाना घ्यावा लागतो. त्या अर्जाचा नमुना डीएसपी-७३ या नावाने ओळखला जातो. घरी जी वस्तू दुकानातून उचलून आणली, ती दाराबाहेर पडताना तोफा-बंदुकांच्या पंक्तीला जाऊन बसली!

दुसऱ्या, हातात धरण्याच्या दुर्बिणीत नेमाची खूण नाही. तिचा विचार वाणिज्य खाते करते. येथे मात्र दोन आकड्यांना फार महत्त्व आहे. पहिला आकडा ९. ज्या कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला ९ पेक्षा अधिक वेळा बदलत नाही, त्याच्यावरील निर्बंध पुष्कळ सौम्य आहेत. याचे कारण साध्या गणिताने कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणारे रानडुक्कर सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. सेकंदाला ९ चित्रे असतील तर दोन चित्रांमध्ये ते सव्वा मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या अंगाच्या लांबीइतके, पुढे सरकलेले असते. अशा यंत्राने भिंतीतील ओल किंवा विजेच्या तारेचा तापलेला सांधा शोधता येतो. धावत्या लक्ष्यावर नेम धरणे अवघड जाते. सेकंदाला ५० चित्रे असली की हेच अंतर २२ सेंटिमीटरांवर येते.

दुसरा आकडा १,११,०००. जाळीतील ठिपके याहून अधिक नसतील आणि चित्रे सेकंदाला ६० पेक्षा अधिक नसतील, तर अमेरिकी नियमांत काही सवलती मिळतात. आडवे ३८४ व उभे २८८ ठिपके असलेल्या जाळीत १,१०,५९२ ठिपके होतात, म्हणजे ती मर्यादेच्या किंचित आत राहते. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांची जाळी ३,०७,२०० वर जाते. सरकारी नियमांतील आकडे पुष्कळदा लहरीने ठरविल्यासारखे वाटतात. परंतु येथे ते यंत्राच्या सामर्थ्याचेच माप आहेत: किती दूरचे, किती स्पष्ट आणि किती वेगाने हलणारे दिसते, याचे.

हे माप एकट्या अमेरिकेचे नाही. १९९६ पासून अस्तित्वात असलेल्या वासेनार व्यवस्थेत ४२ राष्ट्रे सहभागी आहेत. नेदरलँड्समधील ज्या गावी तिची बोलणी झाली त्याचे नाव तिला मिळाले. तिचे कार्यालय व्हिएन्ना येथे आहे. नागरी आणि सैनिकी अशा दोन्ही उपयोगांच्या वस्तूंची सामाईक यादी ही राष्ट्रे करतात आणि मग प्रत्येक राष्ट्र आपापला कायदा करते. उष्णताचित्रक त्या यादीत आहेत.

पैलतीरावर

समजा, प्रवाशाने आपल्या देशाचा परवाना मिळविला. तेवढ्याने काम भागत नाही. ज्या देशी उतरावयाचे त्याचाही कायदा आहे. जर्मनीच्या १९५२ च्या शिकार कायद्याने कृत्रिम प्रकाश आणि रात्री नेम धरण्याची विद्युत्‌साधने वन्य प्राण्यांच्या शिकारीत वर्ज्य ठरविली. रात्र ही श्वापदाची विसाव्याची व आश्रयाची वेळ, ती त्याच्याकडून हिरावून घेऊ नये, असा जुन्या शिकाऱ्यांचाही संकेत होता.

या नियमाला मुरड घालावी लागली ती एका रोगामुळे. आफ्रिकन स्वाइन फीवर हा विषाणुजन्य रोग माणसाला होत नाही, पण डुकरांना तो बहुधा प्राणघातक ठरतो. रानडुकरांमार्फत तो पसरतो. २०१४ मध्ये तो पोलंडमध्ये आणि २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकात दिसला. चेक सरकारने तर रानडुकरे मारण्यासाठी पोलीस नेमबाज कामास लावले. रोग दाराशी आला हे पाहून जर्मनीने २०२० च्या आरंभी शस्त्रकायद्यात दुरुस्ती केली आणि वैध शिकार-परवाना असणाऱ्यांना साध्या दुर्बिणीच्या पुढे किंवा मागे जोडावयाची रात्रदर्शक साधने बाळगण्याची मुभा दिली. ब्रांडेनबुर्गमध्ये सापडलेले मृत रानडुक्कर याच रोगाने मेल्याचे त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी निश्चित झालेच.

मुभा मात्र जोडसाधनांची होती. आपल्या प्रवाशाची दुर्बीण तर स्वतःच संपूर्ण नेमदुर्बीण आहे. ती या सवलतीत बसत नाही. शिवाय शिकारविषयक निर्बंध त्या दुरुस्तीने उठविले नाहीत. कोणत्या जनावरासाठी ते शिथिल करावयाचे हे तेथील निरनिराळी राज्ये आपापल्या नियमांनी ठरवितात. टेक्ससमध्ये जी वस्तू शेतकऱ्याचे औजार होती, ती अटलांटिक ओलांडताच निषिद्ध शस्त्रसामग्री ठरते. वस्तू तीच, भूमी बदलली.

प्रवासापूर्वी

मग अशा प्रवाशाने काय करावे? प्रथम आपल्या यंत्राची माहितीपुस्तिका काढून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: ठिपक्यांची संख्या, सेकंदास पडणारी चित्रे, नेमाची खूण आहे की नाही आणि बंदुकीवर बसविण्याची सोय आहे की नाही. या चार उत्तरांवरच पुढील सर्व अवलंबून आहे. त्यानंतर स्वदेशाचे निर्यात खाते, ज्या देशी जावयाचे तेथील अधिकारी आणि वाटेत जेथे सामान उतरणार असेल तेथील अधिकारी यांच्याकडे लेखी विचारणा करावी. बंदुकीचा परवाना ही निराळी गोष्ट आहे. त्यात दुर्बीण आपोआप येत नाही. अमेरिकेतून निघणाऱ्याने सीमाशुल्क कचेरीत ४४५७ क्रमांकाच्या नमुन्यावर यंत्राचा अनुक्रमांक नोंदवून घेतला, तर परत येताना ते परदेशी विकत घेतलेले नाही हे दाखविता येते. यंत्राच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटातील सामानात ठेवू नयेत. त्या जवळच्या पिशवीत, टोके झाकून न्याव्यात, कारण त्यांना आग लागल्यास ती कोणाच्या तरी नजरेस पडली पाहिजे.

आणखी एक गोष्ट सज्जन माणसांनाच अधिक सांगावी लागते. शिकार संपल्यावर वाटाड्याच्या सेवेने संतुष्ट होऊन आपली दुर्बीण त्याला भेट देण्याचा मोह होतो. परवाना ज्या व्यक्तीच्या आणि ज्या कामाच्या नावाने दिलेला असतो, त्याच्या बाहेर वस्तूचे हस्तांतर करावयाचे तर पुन्हा परवानगी लागते. औदार्याने दिलेली भेट येथे गुन्हा ठरू शकते, आणि अशा गुन्ह्यांना जबर दंड व तुरुंगवास आहे. सर्वांत सोपा मार्ग हाच की, आपले यंत्र घरी ठेवावे आणि यजमानाच्या देशात, तेथील नियमांत बसणारे, यजमानाचेच साधन वापरावे.

आपला संबंध

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे हौशी शिकार नाही. पण हे यंत्र आहे. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी मुलांवर हल्ले केले, तेव्हा वनखात्याने थर्मल कॅमेरे लावलेली ड्रोन विमाने उसाच्या शेतांवरून फिरवून त्यांचा माग काढला. आग विझविणारे, विजेच्या तारांची तपासणी करणारे, वन्य प्राण्यांची गणना करणारे अभ्यासक या सर्वांना हे यंत्र उपयोगी आहे. आणि भारतही डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत सामील झाला. दुहेरी उपयोगाच्या वस्तूंची आपली यादी ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते. उद्या या पुस्तिकेचा एखादा विद्यार्थी-वाचक प्राणिशास्त्रज्ञ होऊन नेपाळात किंवा आफ्रिकेत गेंडे मोजावयास निघेल. त्याच्या पिशवीतील कॅमेराही त्या यादीत बसतो की नाही, हे त्याला विदेश व्यापार महासंचालनालयाकडे विचारावे लागेल. त्याचा हेतू शुद्ध असेल. परंतु यंत्राला हेतू कळत नाही आणि सीमेवरील अधिकाऱ्याला तो दिसत नाही. त्याला यंत्राचे सामर्थ्य तेवढे मोजता येते.

ऊब दिसली म्हणजे जनावर ओळखले असे होत नाही, आणि वस्तू आपली आहे म्हणजे ती कोठेही नेता येते असे होत नाही. बंदुकीचा चाप ओढण्यापूर्वी आणि देशाची सीमा ओलांडण्यापूर्वी क्षणभर थांबून, आपल्यासमोर नेमके काय आहे, हे विचारणे भाग आहे. यंत्र रात्रीचा काळोख दूर करील. हा विचार मात्र ज्याचा त्यानेच करावयाचा आहे.